मोटरहोमच्या टपासाठी सीलंट: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

नळदुर्गच्या किल्ल्यातील नर-मादी धबधबे भरात असताना पाहावेत म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात आम्ही परभणीहून मोटरहोम घेऊन निघालो, आणि तिसरा धबधबा रात्री दोनच्या सुमारास गाडीच्या आतच, नेमका आईच्या उशीवर, सुरू झाला. गाडी तेव्हा जेमतेम दीड वर्षाची होती. लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पाच मीटर लांबीचा टप, त्यावर हवा बाहेर टाकणारा एक पंखा, प्लास्टिकचे झरोक्याचे झाकण आणि दोन सोलर पॅनल अशी तिची रचना आहे. सांध्यांत जे भरले होते ते साधे सिलिकॉन होते, कारण बॉडी बांधताना मिस्त्री म्हणाला होता, "काका, काचेला लावतात तेच लावून टाकू, दहा वर्षं बघायचं काम नाही." मीही मान डोलावली होती.

पाणी उशीवर पडले म्हणून भोक उशीच्या वरच होते असे मात्र नाही. टपातून आत शिरलेले पाणी आतील थर्माकोलच्या आणि प्लायच्या मधून उताराच्या दिशेने सरकत जाते आणि जिथे वाट मिळेल तिथे टपकते. आम्ही पाण्याचा पाइप घेऊन टपाच्या खालच्या कडेपासून वरच्या दिशेने एकेका सांध्यावर पाच-पाच मिनिटे धार धरली, आत एक जण टॉर्च घेऊन बसला, तेव्हा कुठे सोलर पॅनलच्या पट्टीजवळचा रिपिट सापडला, जो उशीपासून सव्वा मीटर दूर होता. वरून सुरुवात केली असती तर सगळेच सांधे ओले होऊन काहीच कळले नसते.

सिलिकॉन वाईट नाही. न्हाणीघरातील फरशीला आणि खिडकीच्या काचेला ते उत्तमच आहे. परंतु ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला ते मानवत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की सिलिकॉनवर रंग बसत नाही, दुसरे कोणतेही सीलंट चिकटत नाही आणि जुन्या सुकलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. म्हणजे एकदा गळायला लागले की वरून डागडुजी करता येत नाही, सगळे खरवडून काढावे लागते.

ते खरवडण्यात माझे पूर्ण तीन दिवस गेले. मोठ्या पट्ट्या प्लास्टिकच्या पटाशीने ओल्या कुरडईसारख्या लांबच लांब निघून येतात आणि काम झाले असे वाटते, पण पत्र्यावर जो डोळ्यांना न दिसणारा थर उरतो तोच खरा घात करतो. तो ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे त्या जागेवर पाणी शिंपडून पाहणे. पाणी सपाट पसरले तर पत्रा स्वच्छ आहे, आणि अळूच्या पानावरच्यासारखे गोल थेंब होऊन उभे राहिले तर सिलिकॉन अजून तिथेच आहे. माझ्या टपावर पहिल्या दोन वेळा थेंब उभे राहिले.

आता निवडीबद्दल. आपल्याकडच्या टपाला पावसाइतकेच ऊनही खाते. ॲल्युमिनियमचा पाच मीटरचा पत्रा ५० अंशांच्या फरकाने साधारण ६ मिलिमीटर वाढतो, लोखंड तेवढ्याच फरकाने ३ मिलिमीटर. डिसेंबरच्या पहाटे परभणीत १० अंश असताना आणि मे महिन्यात दुपारी टप हात लावू देत नाही तेव्हा, या दोन टोकांमधला फरक ५० अंशांहून कमी नसतो. म्हणजे सांगाडा आणि पत्रा एकमेकांवर घासत राहतात, आणि मधले सीलंट रोज ताणले व दाबले जाते. चांगल्या सीलंटच्या माहितीपत्रकात वर्ग २५ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ सांध्याच्या रुंदीच्या २५ टक्के इतकी हालचाल ते दोन्ही बाजूंनी सहन करते. सहा मिलिमीटर रुंद सांध्याला हा हिशेब दीड मिलिमीटरचा होतो. हौसेने बारीक, नेटकी रेघ ओढणाऱ्या मिस्त्रीचे काम म्हणूनच लवकर फाटते. एम-सीलसारखी कडक होणारी पुटी टपाच्या सांध्यात भरणाऱ्यांचेही तेच होते, कारण ती ताणली जातच नाही.

सांधे भरण्यासाठी मी पहिल्यांदा पॉलीयुरेथेन जातीचे सिकाफ्लेक्स-२२१ वापरले. ते धातूला घट्ट धरते, सुकल्यावर रबरासारखे लवचीक राहते आणि त्यावर रंग देता येतो. हवेतील बाष्पाने ते पिकते, तासाभरात वर साय धरते आणि पुढे दिवसाला तीनेक मिलिमीटर आत पिकत जाते, त्यामुळे मराठवाड्यातील कोरड्या एप्रिल-मेमध्ये त्याला अधिक वेळ द्यावा लागतो. उत्पादकानेच ५ ते ४० अंशांच्या दरम्यान लावण्यास सांगितलेले आहे, आणि इथे मे महिन्यात सकाळी नऊनंतर टप ती मर्यादा ओलांडतो. ताजे सीलंट ओले असताना हात पुसायला सॅनिटायझर किंवा स्पिरिट त्याच्या जवळ आणू नये, कारण अल्कोहोलमुळे ते पिकण्यात अडथळा येतो. माझे दोन इशारे आहेत. झरोक्याचे झाकण ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेटचे असेल तर त्याला हे लावू नये, त्या प्लास्टिकला ताणाने चिरा जाऊ शकतात, असे उत्पादकही बजावतो. शिवाय उघड्या उन्हात पॉलीयुरेथेनचा पृष्ठभाग कालांतराने पांढुरका, भुकटीसारखा होतो आणि त्यावर बारीक चिरा पडतात, म्हणून ते रंगाखाली किंवा सावलीतल्या सांध्यांतच शोभते. मी ते टपाच्या कडेच्या पन्हळीत, पट्टीखाली, वापरले आहे आणि दोन पावसाळ्यांत तिथे मला एकही थेंब दिसलेला नाही.

थेट उन्हात राहणाऱ्या सांध्यांसाठी मी हायब्रिड प्रकार (पॉलीयुरेथेन आणि सिलिकॉन यांच्या मधली जात) निवडला, त्याच कंपनीचे सिकाफ्लेक्स-५२१ यूव्ही. हे सूर्यप्रकाशाला अधिक टिकते. नळी मला पॉलीयुरेथेनच्या जवळजवळ दीडपट किमतीला पडली, तरी टपाच्या वरच्या बाजूसाठी पुन्हा हेच घेईन. पांढरा रंग घ्यावा, काळा उगाच अधिक तापतो. ३०० मिलिलिटरची नळी सहा मिलिमीटर रुंद व तेवढ्याच खोल रेघेसाठी साधारण आठ मीटर पुरते, म्हणजे पाच मीटरच्या टपाला तीन नळ्या आणि एक जादा, असा हिशेब धरावा.

नळी घेताना मुदतीची तारीख पाहावी, ही गोष्ट मी हलक्याने घेतली होती. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर तापलेली एक नळी मला अशी मिळाली की गन दाबून दाबून हात दुखला आणि बाहेर गुठळ्या आल्या. दुकानदाराने बदलून दिली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

पंखा आणि झरोक्याच्या कडेखाली मात्र ब्युटाइल पट्टीच हवी. ही पट्टी कधी सुकत नाही, कायम चिकट राहते, कडेखाली स्क्रूच्या दाबाने पसरून प्रत्येक खाच भरते आणि उद्या पंखा काढायची वेळ आली तर पत्रा वाकत नाही. लावल्यावर चार-सहा दिवसांनी ती बाहेर येते, तेव्हा स्क्रू पुन्हा हलके आवळून बाहेर आलेला भाग प्लास्टिकच्या धारेने कापून घ्यावा आणि वरून हायब्रिडची रेघ द्यावी, उघड्या उन्हात ब्युटाइल ठेवू नये. आपोआप सपाट पसरणारे जे सीलंट परदेशी गाड्यांच्या रबरी टपांवर वापरतात, ते आडव्या जागेपुरतेच असते, उभ्या कडेवर ओघळते, आणि माझ्या टपावर त्याची गरज मला वाटली नाही.

काम मी फेब्रुवारीत, सकाळी सात ते नऊच्या दरम्यान केले. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून रेघ ओढली, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाऐवजी पट्टीने सपाट केली आणि साय धरण्यापूर्वी टेप काढली. त्यानंतर आठ दिवस गाडी हलवली नाही.

या जून महिन्यात, पहिल्या सरीआधी, पुन्हा पाइप धरून तपासले. एका सोलर पट्टीच्या कोपऱ्यात रेघ नखाएवढी उचललेली दिसली. तिथे बहुधा माझे पुसणे अपुरे राहिले असावे, कारण कडेला पाणी शिंपडल्यावर दोन थेंब पुन्हा गोल उभे राहिले. तेवढा भाग कापून काढून पुन्हा भरला, बाकी टप कोरडा आहे.