निवृत्तीची रक्कम कुठे ठेवावी? ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि लिक्विड फंड यांचा वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव, आणि एनपीएस का घेतले नाही

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागातून मी 2025 च्या सुरुवातीला, वयाची साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त झालो. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळून हाती आलेल्या रकमेपैकी 15 लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि 7 लाख रुपये लिक्विड फंडात, म्हणजे अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात, ठेवले. राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, नव्याने खाते उघडण्याचा विचार बराच काळ करून शेवटी सोडून दिला. या गोष्टीला आता वर्ष उलटून गेले आहे. व्याजदर वर-खाली झाले, अचानक पैसे काढण्याची वेळ आली आणि एक आयकर विवरणपत्रही भरून झाले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हा अनुभव कोणाला लागू पडेल हे आधीच सांगतो. भुसावळला आमच्या गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची घरे अधिक आहेत. त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा येते आणि महागाई भत्ता जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा सुधारला जातो, त्यामुळे बचतीवरचे व्याज त्यांच्यासाठी वरकमाई असते. खासगी नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला मिळते ते 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे वेतन, आणि त्यासाठी धरल्या जाणाऱ्या पगाराची मर्यादा 2014 पासून 15,000 रुपये असल्यामुळे पूर्ण 35 वर्षांची सेवा धरली तरी ते महिना 7,500 रुपयांच्या घरातच थांबते. त्यात महागाई भत्ता नाही. किराणा, वीजबिल आणि औषधे यांचा खर्च ज्यांना बचतीच्या व्याजातून भागवायचा आहे, त्यांच्यासाठीच पुढचा मजकूर आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर 8.2 टक्के आहे आणि खाते उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षे कायम राहतो. गुंतवणुकीची मर्यादा एप्रिल 2023 पासून 15 लाखांवरून 30 लाख झाली. व्याज दर तीन महिन्यांनी, म्हणजे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी महिन्यांच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी मिळते. 5 लाखांवर तिमाहीला 10,250 रुपये येतात, त्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही. 1 एप्रिलला बँकांचे व्यवहार वार्षिक हिशेबासाठी बंद असतात म्हणून त्या तिमाहीची रक्कम एखादा दिवस उशिरा दिसते, एवढेच. व्याज तिमाही असल्याने पहिल्या महिन्यात हात सैल सुटतो आणि तिसऱ्या महिन्यात ओढाताण होते, अशी तक्रार काही जण करतात. ती खरी आहे. ज्यांना दरमहाच पैसे हवेत त्यांच्यासाठी टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना आहे. तिचा दर 7.4 टक्के असून एका व्यक्तीस 9 लाख आणि संयुक्त खात्यात 15 लाख ही मर्यादा आहे. पाऊण टक्क्याहून अधिक व्याज सोडून मासिक हप्ता घ्यावा, असे मला वाटले नाही. तीन महिन्यांचे पैसे बचत खात्यात ठेवून ते तीन भागांत वापरणे फारसे अवघड नाही.

या योजनेत एक बाब मात्र अर्ज भरण्यापूर्वीच समजून घ्यावी. खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही. काढायचे तर पूर्ण खाते बंद करावे लागते. पहिल्या वर्षाच्या आत बंद केल्यास व्याज मिळत नाही आणि दिलेले व्याज मुद्दलातून कापून घेतात, एक ते दोन वर्षांच्या दरम्यान मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत एक टक्का कपात होते. म्हणून मी 15 लाखांचे एक खाते न उघडता 5 लाखांची तीन खाती उघडली, कारण एकूण मर्यादेत राहून एकाहून अधिक खाती उघडण्यास मुभा आहे. दुसऱ्या वर्षात एखादे खाते मोडावे लागले तर कपात 7,500 रुपये होईल. सगळी रक्कम एकाच खात्यात असती तर हाच आकडा 22,500 झाला असता. शाखेतील कर्मचाऱ्याला तीन अर्ज, तीन पासबुके हा प्रकार फारसा रुचला नाही, पण मी आग्रह सोडला नाही.

करकपातीच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएस (व्याज देतानाच होणारी करकपात) लागण्याची मर्यादा 50,000 वरून 1 लाख रुपये झाली. माझे वार्षिक व्याज 1,23,000 असल्याने ती ओलांडली जाते, मात्र नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे 15 एच अर्ज, म्हणजे कर लागत नसल्याने कपात करू नये असे सांगणारा अर्ज, देण्याचा मला अधिकार होता. अर्ज एप्रिलमध्येच दिला, तो घेतलाही गेला, पण शाखेने त्याची संगणकात नोंदच केली नव्हती आणि पहिल्याच तिमाहीत दहा टक्के कापले गेले. आवक शिक्का असलेली प्रत जवळ होती म्हणून पुढच्या तिमाहीपासून कपात थांबली; कापलेली रक्कम मात्र विवरणपत्र भरल्यावरच परत मिळाली. जे जुन्या करप्रणालीत आहेत त्यांना, मार्च 2026 पर्यंतच्या आयकर कायद्यातील क्रमांक सांगायचे तर, 80 टीटीबी कलमाखाली 50,000 रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट आणि 80 सी खाली ठेवीचीही वजावट मिळते. नव्या प्रणालीत या दोन्ही नाहीत. पत्नीच्या नावे ठेव ठेवून कर वाचतो, असे आमच्याकडे सर्रास सांगितले जाते. परंतु पतीने दिलेल्या पैशांवरचे व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. तिच्या नावे खाते उघडण्याचे कारण वेगळे असावे, त्याबद्दल पुढे लिहितो.

आता फंडाकडे वळतो. लिक्विड फंड 91 दिवसांपर्यंत मुदत असलेल्या ट्रेझरी बिले, बँकांची ठेव प्रमाणपत्रे आणि कंपन्यांचे कमर्शियल पेपर यांत पैसे गुंतवतो. पहिल्या सहा दिवसांत पैसे काढल्यास नाममात्र निर्गमन शुल्क लागते, सातव्या दिवसापासून काहीच लागत नाही. मी हा फंड घेतला तेव्हा परतावा सात टक्क्यांच्या आसपास होता. पुढे रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर) फेब्रुवारी 2025 मध्ये 6.50 वरून 6.25, एप्रिलमध्ये 6 आणि जूनमध्ये थेट 5.50 टक्क्यांवर आणला, डिसेंबरमध्ये तो 5.25 झाला. लिक्विड फंडातील कागद दोन-तीन महिन्यांत पिकून नव्या दराने पुन्हा घेतले जात असल्याने ही घसरण परताव्यात फार लवकर उतरली आणि वर्ष संपताना माझ्या फंडाचा दर सहाच्या खाली दिसू लागला. याच काळात बचत योजनेची तीनही खाती 8.2 टक्के देत राहिली. हे पाहून फंडातील सगळे पैसे बचत योजनेत हलवावेत असे कोणाच्याही मनात येईल, आमच्या चिरंजीवांनीही पुण्याहून तेच सुचवले.

मी ते केले नाही, आणि न करण्याचा उपयोग लवकरच दिसून आला. पावसाळ्यात एका शनिवारी सौभाग्यवतींना जळगावच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. आरोग्य विम्याची मंजुरी येईपर्यंत अनामत भरणे भाग होते. लिक्विड फंडात तत्काळ पैसे काढण्याची सोय असते, तिची मर्यादा दिवसाला एका योजनेतून 50,000 रुपये किंवा शिल्लक रकमेच्या 90 टक्के यांपैकी जे कमी असेल तेवढी. ती रक्कम सुट्टी असूनही काही मिनिटांत बँकेत जमा झाली. उरलेल्या मोठ्या रकमेची मागणी त्याच वेळी नोंदवली होती, परंतु ती सोमवारची धरली गेली आणि पैसे मंगळवारी आले. म्हणजे ‘केव्हाही काढा’ या जाहिरातीतील वाक्यामागे कामकाजाचे दिवस मोजावे लागतात. ही सोय सर्वच योजनांत नसते आणि ती आधी सुरू करून घ्यावी लागते. रुग्णालयाच्या प्रतीक्षा कक्षात बसून ती शिकण्याची गोष्ट नव्हे. करही इथे सौम्य वाटला. एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या अशा फंडांचा नफा उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने कर लागतो हे खरे, पण काढलेल्या रकमेतील केवळ नफ्याचा भाग करपात्र ठरतो, आणि तोही काढल्यावरच. निवासी भारतीयाच्या अशा नफ्यावर टीडीएसही कापला जात नाही.

कमी जोखीम म्हणजे जोखीम नाही, असे मात्र समजू नये. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. त्यांत अल्ट्रा शॉर्ट बाँड प्रकारची योजनाही होती, जिला अनेक जण जवळजवळ बचत खात्यासारखे वापरत होते. गुंतवणूकदारांना पैसे पुढे हप्त्याहप्त्याने मिळाले, पण हव्या त्या दिवशी मिळाले नाहीत, आणि आमच्या वयात पैशाला दिवसाचेच मोल असते. अर्धा टक्का अधिक परतावा दाखवणाऱ्या योजनेने तो कोणाला कर्ज देऊन मिळवला, हे दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या गुंतवणूक यादीत पाहता येते. मी निवडलेल्या फंडात सरकारी बिले आणि मोठ्या बँकांची प्रमाणपत्रे अधिक आहेत, म्हणून परतावा किंचित कमी आहे, आणि तो मला चालतो.

एनपीएसबद्दल थोडक्यात. शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर असलेले माझे मेहुणे 1 नोव्हेंबर 2005 नंतर नियुक्त झाल्याने त्यांना जुनी पेन्शन लागू नाही, एनपीएस हाच त्यांचा आधार आहे. त्यांनी त्यात राहावे आणि निवृत्तीनंतर घाईने सगळे काढू नये, असेच मी म्हणेन. माझा प्रश्न निराळा होता. मी चौकशी केली तेव्हाच्या नियमाने एनपीएसमध्ये सत्तराव्या वर्षापर्यंत नवे खाते उघडता येत होते, परंतु 5 लाखांहून अधिक जमा असल्यास बाहेर पडताना किमान 40 टक्क्यांची वार्षिकी (एकरकमी पैशांच्या बदल्यात विमा कंपनीकडून आयुष्यभर मिळणारी ठरावीक रक्कम) घेणे बंधनकारक होते. तिचा दर घेतल्या दिवशी आयुष्यभरासाठी गोठतो, आणि दरमहा येणारी रक्कम करपात्र असते. पगार सुरू असलेल्या, जुन्या करप्रणालीतील माणसाला 50,000 रुपयांची जादा वजावट मिळते, म्हणून त्याच्यासाठी हिशेब जुळतो. पगार बंद झाल्यावर नव्याने त्यात पैसे अडकवण्याचे कारण मला सापडले नाही.

खान्देशात हा विषय निघाला की पतसंस्थेचे नाव येतेच. केळीचे आणि कापसाचे पैसे वर्षानुवर्षे तिथेच ठेवले गेले, कारण व्यवस्थापक ओळखीचा असे आणि व्याज बँकेपेक्षा अधिक मिळे. जळगाव जिल्ह्यात ठेवी अडकलेले एखादे ज्येष्ठ ओळखीत नाहीत असे घर विरळा. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, 5 लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. दुसऱ्या टोकाला अमळनेर आहे, जिथे 1945 मध्ये स्थापन झालेल्या विप्रोचे शेअर सांभाळून श्रीमंत झालेल्यांच्या कथा ऐकत आम्ही मोठे झालो. त्या खऱ्या आहेत. पण त्या माणसांकडे चाळीस वर्षे थांबण्याची सवड होती.

शेवटचा मुद्दा वापराच्या सोपेपणाचा. बचत योजनेची खाती पत्नीसह संयुक्त ठेवली आहेत, पासबुक तिला वाचता येते आणि शाखा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फंड मात्र मोबाइलवर चालतो, आणि तो उघडताना पॅन व आधारवरील नावाच्या स्पेलिंगमधील फरकाने केवायसी अडकून राहिले होते. ज्या घरात मोबाइलवरील व्यवहार एकाच व्यक्तीला जमतात, तिथे फंडात तातडीच्या गरजेपुरतेच पैसे ठेवावेत, अशा मताला मी आता आलो आहे. सौभाग्यवतींना तत्काळ काढण्याची पद्धत शिकवली आहे, तिने एकदा स्वतः हजार रुपये काढूनही पाहिले. फंडात चार लाख ठेवून उरलेली रक्कम येत्या तिमाहीपूर्वी तिच्या एकटीच्या नावाने बचत योजनेत टाकणार आहोत. व्याज माझ्या उत्पन्नात धरले जाईल हे ठाऊक आहे, पण खाते चालवणारी सही तिची असेल.