पोल फिटनेसचा क्लास: आठ महिन्यांनंतर

पुण्यात पोल फिटनेसचा, म्हणजे उभ्या खांबावर चढून, गोल फिरून करायच्या व्यायामाचा क्लास लावला तेव्हा मी ४१ वर्षांची होते. आता आठ महिने झाले, आठवड्यातून दोन तास. कुणी विचारलं तर ‘लाव’ असंच सांगते, पण पहिले सहा आठवडे कसे जातात ते आधी ठाऊक असलेलं बरं.

पहिल्या दिवशी आमच्या ताईंनी अंगठ्या, बांगड्या, घड्याळं काढून ठेवायला सांगितली. मंगळसूत्रसुद्धा पर्समध्ये. मग विचारलं, “आज अंगाला लोशन कोणी लावलंय?” दोघींनी हात वर केले. त्या पाय धुऊन आल्या तरी तासभर घसरतच राहिल्या. इथे धरून ठेवते ती कातडी, म्हणून शॉर्ट्स. मला संकोच वाटला आणि दुसऱ्या तासाला मी लेगिंग्ज घालून गेले. पोलवर बसले आणि सरसर खाली आले. तिसऱ्या तासापासून शॉर्ट्स.

पोल ४५ मिलिमीटर जाडीचा, मुठीत जेमतेम मावणारा. नुसतं त्यावर बसणं, म्हणजे ‘पोल सिट’, हीच पहिली परीक्षा. एका मांडीवर दुसरी चढवायची, मांड्या आवळायच्या आणि हात हळूहळू सोडायचे. आतल्या बाजूची नाजूक कातडी पिळवटून निघते, डोळ्यांत पाणी येतं. मी पहिल्यांदा तीन आकडे मोजले आणि उतरले. दुसऱ्या दिवशी मांडीवर जांभळे डाग आणि चढताना पोल आवळला होता तिथे, पावलाच्या वर, कातडी लाल. सहाव्या आठवड्यात त्याच जागी वीस आकडे मोजले आणि बोलतसुद्धा होते. कातडी सरावते. स्नायूंना मात्र त्याहून बराच वेळ लागतो.

माझे मामा शाळेत मल्लखांब करायचे. त्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, “अगं, खांबाला एरंडेल लावता ना?” लाकडावर कातडी सोलवटू नये म्हणून मल्लखांबाला एरंडेल चोळतात. आमच्याकडे बरोबर उलटं. तेलाचा हात लागला तरी पोल निसरडा होतो, म्हणून प्रत्येकीनंतर स्पिरिटने पुसायचा. पण बाकी सगळं त्यांना ओळखीचं वाटलं. “दंडाने ओढू नकोस, खांदे खाली दाबून मग उचल,” असं त्यांनी फोनवरच सांगितलं.

हे मी तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं, आणि शिकवणाऱ्यांनीही. चौथ्या महिन्यात आमची बॅच बदलली. नव्या ट्रेनरने सगळ्यांना एकदमच उलटं, म्हणजे डोकं खाली, पाय वर, व्हायला लावलं, तेही पाय झटकून, उडी मारून. माझा उजवा खांदा दुखावला, तीन आठवडे हात डोक्यावर नेता येईना. खाली गादी होती, पण ती पडल्यावर उपयोगी, खांद्याला तिचा काय आधार? नवशिक्यांना घाईने उलटं करणं ही चूक आहे, आणि तिचा मला अजून राग आहे. मी जुन्या ताईंच्या बॅचला परतले. त्यांनी दोन महिने जमिनीवर पाठ टेकवूनच पाय वर घ्यायला लावले. मग पोलवर हळू, झटका न देता. आता तसं उलटं होता येतं आणि खांदा दुखत नाही.

पावसाळा कठीण गेला. तळहात ओले, पोल दमट, नेहमीची फायरमन स्पिनसुद्धा (पोल धरून गोल फिरत खाली येणं) मध्येच सुटायची. हात कोरडे ठेवणारा द्रव खडू लावला की थोडा वेळ बरं चालतं. ज्यांचे तळहात मुळातच घामट, त्यांनी थंडीत सुरुवात करावी.

महिन्याला आठ तासांचे ३,५०० रुपये. माझ्या खिशाला ते जड आहेत, तरी मी देते. सुरुवातीला दांड्याला पाच सेकंदही लोंबकळता येत नव्हतं, आता चाळीस सेकंद येतं. पोलवरच्या नाचाबद्दल लोक काय काय बोलतात ते मीही ऐकलं आहे. आमच्या बॅचमध्ये एक आजी होऊ घातलेल्या बाई आहेत, एक परिचारिका आहे, दोघी कॉलेजच्या आहेत. कुणी पहिल्यांदा छतापर्यंत चढली की सगळ्या टाळ्या वाजवतात. इतक्या मोकळ्या जागा बायकांना फार कमी मिळतात.

परवा मामांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि विचारलं, “डाव्या बाजूनेही करतेस ना?” करते, आणि आधी तीच करते. उजवीकडून वर पोचते, डावीकडून अजून हातभर कमी पडतं.