फोंड्याजवळच्या नर्सरीतलं 'पूर्ण कुजवलेलं' कोंबडीखत: ५ पैकी २ स्टार

नर्सरीचं नाव देत नाही, पण रोपं एक नंबर असतात त्यांच्याकडे, आगशीच्या वांग्याची रोपं तर अगदी तरतरीत मिळाली. माझी तक्रार आहे ती कोंबडीखताबद्दल. पोत्यावर मोठ्या अक्षरात 'पूर्ण कुजवलेलं, ऑरगॅनिक' आणि शिवण उसवली की अमोनियाचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी, आत हात घातला तर अजून गरम, भाताचं तूस जसंच्या तसं, वर पिसं पण. म्हणजे पोल्ट्रीच्या शेडमधलं उचललं आणि भरलं.

कोणी म्हणेल खत आहे, वास येणारच. अहो पण प्रश्न वासाचा नाहीये. कोंबड्यांना अँटिबायोटिक दिलेलं असलं की त्यातलं बरंचसं विष्ठेतून तसंच बाहेर पडतं, सोबत औषधाला न जुमानणारे जंतू, आणि त्यांच्याकडचे रेझिस्टन्सचे, म्हणजे औषधाला दाद न देण्याचे, जीन्स मातीतल्या जंतूंकडे जाऊ शकतात, दोघं एकाच जातीचे असायला लागतात असंही नाही. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी काढायचं औषध, ते पोल्ट्रीत वापरायला सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली ती काय उगाच? मातीत रेझिस्टन्स मुळातच असतो म्हणा, ३० हजार वर्षं गोठलेल्या मातीतसुद्धा हे जीन्स सापडलेत, पण म्हणून आपण वरून पोती ओतायची का!

कहर म्हणजे वांग्याला मर लागते म्हटल्यावर काउंटरवरच्याने लगेच स्ट्रेप्टोमायसिनची पुडी पुढे केली, "पात्रांव, मुळांत ओत, गॅरंटी!" टीबीवरचं अँटिबायोटिक हो ते, आणि १९४३ मध्ये सापडलं तेही मातीतल्याच एका जंतूत. नाही घेतली. खत कुठल्या पोल्ट्रीचं विचारलं तर "बेळगावसून येता", बस्स.

पोतं फुकट जाऊ नये म्हणून सुकी पानं मिसळून माडाखाली ढीग लावलाय, विहिरीपासून लांब, वर ताडपत्री. ढिगात ५५ अंशांच्या वर ताप काही दिवस टिकला आणि अधूनमधून पलटत राहिलं तर बरेच जंतू मरतात, जीन्स मात्र सगळे जातीलच असं नाही. मुळा, कोथिंबीर असलं कच्चं खायचं ज्या वाफ्यात आहे तिथे हे ताजं खत अजिबात घालू नका.

दोन्ही स्टार रोपांचे. खत घ्यायचंच असेल तर पोतं तिथेच उसवून बघा, नाही म्हणत नाहीत, तोंड तेवढं वाकडं करतात.