बीटलचे जेट आणि कुर्ल्याचे एक गॅरेज

९०.५ मिलिमीटरचे पिस्टन घालून १७७६ सीसी केलेल्या माझ्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर दोन वेबर ४० आयडीएफ कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग) बसवल्यापासून २,५०० आरपीएमच्या आसपास गाडी अडखळत असे, आणि इतर दोन गॅरेजांत मेन जेट (जास्त वेगाला पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे भाग) मोठे करून घेऊनही फरक पडला नव्हता. कुर्ल्याच्या या लहानशा गॅरेजमधील मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितले, की त्या टप्प्यापर्यंत पेट्रोल मुख्यतः आयडल जेटमधूनच, म्हणजे कमी वेगासाठीच्या लहान जेटमधूनच, येते. त्यांनी ५० चे जेट काढून ५५ चे (हा आकडा भोकाचे माप) बसवले आणि अडखळणे थांबले. मेन जेटसाठी २८ मिलिमीटरच्या व्हेंच्युरीला (कार्बोरेटरमधील हवेच्या अरुंद वाटेला) चारने गुणून येणारा ११२ हा आकडा आधार धरून त्यांनी ११५ निवडले, आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन, तिथेच इंजिन बंद करून, मिक्स्चर कसे आहे हे कळावे म्हणून चारही स्पार्क प्लगांचा रंग तपासला. एअर-कूल्ड इंजिनात मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) राहिले तर सिलिंडर हेड तापतात, म्हणून ते किंचित रिच (पेट्रोल जास्त) ठेवण्याचा त्यांचा आग्रह मला पूर्ण पटला. घाट चढून लोणावळ्याला जाताना हवा विरळ होऊन ते आणखी रिच होते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. मजुरी कमी नाही आणि तारीख मिळायला तीन आठवडे लागले. जेट मात्र आकडा कोरलेले, अस्सल मिळाले. ड्रिलने भोक वाढवलेले नव्हे.