भुताटकी केमिस्ट्री किट: सातवीच्या वर्गात वापरून बघितलं

देवगड तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. आषाढ अमावास्येच्या आधी हे किट ऑनलाइन मागवलं, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण माझी तक्रार अजून मिटलेली नाही. डब्यावर भोपळे आणि झाडूवर बसलेल्या चेटकिणी, आमच्या पोरांना त्याची कसली भीती, म्हणून मी चकवा, हडळ आणि पिंपळावरचा मुंजा घेऊन गोष्ट रचली. देवचाराचं, म्हणजे गावाच्या राखणदाराचं, नाव मात्र घेतलं नाही, गावात त्याला मान आहे.

सगळ्यात भारी वस्तू म्हणजे यूव्ही टॉर्च. खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला, टॉनिक वॉटरच्या बाटलीवर टॉर्च मारला तर निळी चमक, अख्खा वर्ग गप्प! त्यात क्विनाइन असतं, ते डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतं आणि निळा प्रकाश बाहेर टाकतं. पालक कुटून स्पिरिटमध्ये भिजवलात तर ते हिरवं पाणी टॉर्चखाली रक्तासारखं लाल दिसतं, ती क्लोरोफिलची करामत, हे किटमध्ये नाही पण करून बघाच.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे बाबा मासेमारीला जातात, म्हणाला, "सर, रातीक जाळा ओढताना पाणी असाच चमाकता." मी टॉर्च बंद केला, बाटली लगेच काळी. विचारलं, समुद्राला टॉर्च लागतो काय रे? "नाय, पाणी हलला की चमाकता." मग काय, पाऊण तास त्यातच गेला. तो नॉक्टिल्युका, एकाच पेशीचा जीव, धक्का बसला की त्याच्या आत रासायनिक क्रिया होऊन थंड उजेड पडतो, काजव्याचं पण तसंच, म्हणजे बाटलीतला उजेड उसना आणि समुद्रातला स्वतःचा. आणि किटच्या कार्डावर या सगळ्याबद्दल काय लिहिलंय तर "जादुई चमक", बस. हे मला अजिबात पटलं नाही, पोरांची भीती जायची तर कारण कळायला नको का?

रक्ताची अक्षरं पण छान जमली. हळदीच्या कागदावर चुन्याच्या निवळीने लिहायचं, पिवळ्यावर लाल उमटतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. एका मुलीने सांगितलं की आजीची दृष्ट काढायला आलेल्या माणसाने पाणी असंच लाल करून दाखवलं होतं आणि पैसे नेले. तिने तो कागद घरी मागून नेला, माझ्या दृष्टीने किटचे पैसे तिथेच वसूल.

आता तक्रार. हडळीच्या हंड्यातून फेस यायला हायड्रोजन पेरॉक्साइड, साबण आणि यीस्ट लागतं, यीस्टमधलं एन्झाइम पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन मोकळा करतं आणि साबणामुळे फेस होतो. आमच्याकडे जुलैत मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं आणि यांनी यीस्ट साध्या कागदी पुडीत दिलंय, त्याचा दगड झालेला. दोनदा करून बघितलं, चार बुडबुडे. पोरं हिरमुसली. शेवटी बेकरीतून यीस्ट आणलं, कोमट पाण्यात भिजवलं आणि मेडिकलमधलं पेरॉक्साइड घेतलं, तेव्हा कुठे हंडा उतू गेला.

दुसरं जास्त गंभीर आहे. पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन एकाच खोक्यात शेजारी-शेजारी ठेवलेत! दोन्ही एकत्र आले की थोडा वेळ काहीच होत नाही, मग धूर येतो आणि भसकन पेटतं. मी ते पोरांच्या हातात दिलंच नाही, पडवीच्या कडेला जांभ्याच्या चिऱ्यावर चिमूटभर घेऊन एकट्याने केलं, पोरं लांब उभी. गॉगल फक्त एक दिलाय. घरी मुलांना घेऊन देत असाल तर ह्या दोन बाटल्या आधी वेगळ्या करून कुलपात ठेवा, प्लीज.

पाचपैकी तीन स्टार, ते पण टॉर्चमुळे. यीस्ट बदलून द्या आणि ग्लिसरीनचं पॅकिंग वेगळं करा असा मेल टाकलाय, उत्तर आलं की इथेच लिहीन.