सिटी व्हीटेकचं पॉवर स्टीअरिंग काढलं, त्यानंतरचा अनुभव

माझ्या 2001 च्या होंडा सिटी व्हीटेकचं पॉवर स्टीअरिंग (पंपाच्या ऑइल प्रेशरने स्टीअरिंग हलकं करणारी यंत्रणा) काढलं त्याला आता एक पावसाळा, हिवाळा आणि अर्धा उन्हाळा झाला. भेटेल तो पहिलं हेच विचारतो की जड नाही का होत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

जड होतं. पार्किंगमध्ये तर जाम जड होतं. मंडईत बाबू गेनू वाहनतळात गाडी लावताना दंडाला चांगलंच कळतं. उभ्या गाडीत चाक फिरवायचंच नाही, गाडी जराशी हलू द्यायची आणि मग वळवायचं, ही सवय पहिल्या महिन्यातच लागली आणि आता त्याचा विचारही करावा लागत नाही. गाडीने थोडा स्पीड घेतला की बरंच हलकं होतं, आणि सातारा हायवेवर तर आधीच्यात आणि आत्ताच्यात वजनाचा फरक मला तरी जाणवत नाही.

पण हे काम अर्धवट करण्यात काही अर्थ नाही, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अर्धवटच करून देतात. म्हणजे काय, तर पंपाचा बेल्ट काढायचा, रॅकचे (स्टीअरिंग फिरवलं की सरकून पुढची चाकं वळवणारा भाग) दोन्ही पाइप एकमेकांना जोडायचे आणि झालं म्हणायचं. एका मित्राच्या गाडीत तसं केलेलं, मी ती चालवलीये. जड तर आहेच आणि वर मधोमध मेलेली, म्हणजे स्टीअरिंग जरा फिरवलं तरी काही होत नाही. कारण साधं आहे, रॅकच्या आत सील लावलेला पिस्टन तसाच असतो, प्रत्येक वळणाला तो ऑइल इकडून तिकडे ढकलत बसतो आणि ती मेहनत आपल्या हातांनी होते. दुसरं म्हणजे टॉर्शन बार. पिनियनच्या, म्हणजे रॅक सरकवणाऱ्या छोट्या गिअरच्या, वर एक बारीक बार असतो, तुम्ही स्टीअरिंग फिरवलं की तो आधी थोडा पिळतो, त्यावरून व्हॉल्व्हला कळतं की कुठल्या बाजूला प्रेशर द्यायचं. प्रेशरच नसेल तर ते पिळणं म्हणजे नुसती ढिलाई, हात वळतो आणि चाक जरा उशिराने.

म्हणून नाना पेठेतून एक जुना रॅक घेतला आणि सगळं त्याच्यावर केलं. पूर्ण खोलला, पिस्टनवरची सील काढली, आतलं ऑइल धुऊन ग्रीस भरलं, पाइपची भोकं बंद केली. पिनियनचा व्हॉल्व्ह आमच्या ओळखीच्या लेथवाल्या काकांनी टिगने (वेल्डिंगचा एक प्रकार) वेल्ड केला, म्हणजे ते पिळणं बंद, थोडं वेल्ड मारायचं, थंड होऊ द्यायचं, परत थोडं, घाई केली तर पिनियन वाकडा होतो आणि मग रॅक एका ठिकाणी अडकायला लागतो. वेल्ड सुटला तर काय, हे मीही त्यांना विचारलं होतं. आत मेकॅनिकल स्टॉप असतात, त्यामुळे गाडी वळायची थांबत नाही, ढिलाई परत येते. तरी दर सर्व्हिसला मी ते तपासून घेतो, यात हयगय नाही.

आता हे सगळं कशासाठी, तर ताम्हिणीसाठी. पावसाळ्यात मुळशीच्या पुढे रस्त्यावर पाण्याचे पातळ ओघळ आडवे वाहत असतात, आधी मी ते डोळ्याने बघून अंदाज करायचो, आता पुढचं चाक पाण्यावर आलं की स्टीअरिंग क्षणभर हलकं होतं आणि ओघळ संपला की परत वजन येतं. वळणात टायर पकड सोडायच्या थोडं आधी हातातलं वजन कमी व्हायला लागतं, टायर ओरडायच्याही आधी, आणि तेवढ्यात ॲक्सलरेटर जरा सोडता येतो. हे आधीच्या रॅकमध्येही थोडं होतं पण गोधडीतून चाचपल्यासारखं. मला जडपणा नको होता, मला ही खबर हवी होती.

खड्ड्यांचा मात्र त्रास आहे. सिंहगड रोडला चाक खड्ड्यात गेलं की झटका थेट मनगटात येतो. अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवून चालवत असाल तर ती सवय आधी सोडा.

आणि पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं असं कोणी सांगितलं तर त्यासाठी करू नका. पंप, पाइप, बेल्ट गेले, इंजिनवरचा थोडा भार गेला, बोनेटखाली जागा झाली, बस. सीटवर बसून पिकअपमध्ये फरक कळत नाही.

गाडी कोणती यावर खूप अवलंबून आहे. लोटस एलिस, अल्फा 4सी या स्पोर्ट्स गाड्यांना पॉवर स्टीअरिंग नव्हतंच, पण त्यांचं इंजिन मागे, पुढच्या चाकांवर वजन कमी. होंडाचीच 1990 ची एनएसएक्स घ्या, मॅन्युअल गिअरवाली सुरुवातीला पॉवर स्टीअरिंगशिवाय यायची, तीही मिड-इंजिनच, म्हणजे इंजिन सीटच्या मागे. सिटीचं इंजिन पुढे आणि ड्राइव्हही पुढच्याच चाकांना, म्हणजे सगळं ओझं तिथेच. शिवाय पॉवर रॅकचा रेशो फास्ट असतो, म्हणजे स्टीअरिंग कमी फिरवून चाक जास्त वळतं, पण जोर जास्त लागतो. माझदाने पहिल्या मियाटा या छोट्या स्पोर्ट्स गाडीत पॉवर रॅक 15:1 आणि मॅन्युअल रॅक 18:1 दिला होता तो याचसाठी, आणि आपण पॉवर रॅकच मॅन्युअल करतो तेव्हा तो फास्ट रेशो आपल्या खांद्यावर येतो. मी 195 मिमी रुंदीचे टायर काढून 185 चे घातले, हवा 33 पीएसआय ठेवतो, त्याने खरंच फरक पडला. 30 झाली तरी वळवताना लगेच कळतं.

नवीन गाड्यांत इलेक्ट्रिक स्टीअरिंग असतं, तिथे फ्यूज काढून हा प्रयोग करू नका. ती मोटर आणि तिचा गिअर जागेवरच राहतो, तो आपल्यालाच ओढावा लागतो, फील काही येत नाही आणि गाडीच्या बाकीच्या सिस्टिमही बोंबलतात.

घरात ही एकच गाडी असेल आणि आईबाबाही चालवत असतील तर नका करू, हे मनापासून सांगतो. माझ्या बाबांचा खांदा दुखतो, त्यांच्यासाठी दुसरी गाडी आहे म्हणूनच मी हे केलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्याबद्दलचं) वाचा, आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्यांशी आधी बोला, उद्या क्लेमच्या वेळी विषय निघायला नको.

आणि गाडीचा ओरिजिनल रॅक विकू नका. वेल्ड केलेला पिनियन परत पहिल्यासारखा होत नाही. माझा मूळ रॅक, पंप आणि पाइप तोंडं बंद करून, ऑइल लावून माळ्यावर ठेवलेत, गाडी कधी दुसऱ्याला द्यायची झाली तर परत बसवून देता येईल.