ॲसटीगची तट्टं की प्रायरचे घोडे?

भारतातून आई-बाबा आलेत, मुलांना सुट्टी आहे आणि कुणीतरी रानटी घोड्यांचा विषय काढलाय. न्यू जर्सी किंवा वॉशिंग्टनकडच्या मराठी घरात अशा वेळी दोन पर्याय निघतात: अटलांटिक काठचं ॲसटीग बेट, नाहीतर माँटाना-वायोमिंगच्या सीमेवरचे प्रायर डोंगर.

सोय बघायची तर ॲसटीग. वॉशिंग्टनहून गाडीने तीनेक तास, थेट पुलावरून बेटावर. घोडे शोधावे लागत नाहीत, तेच तंबूंमधून फिरतात. पोटं फुगलेली दिसली की बाबा म्हणतील, चांगले पोसलेत. तसं नाही. खाऱ्या दलदलीतलं गवत खाऊन ते पाणी फार पितात. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आल्याची कथा सगळे सांगतात, पण सतराव्या शतकात कर आणि कुंपणाचे कायदे चुकवायला मालकांनी जनावरं इथे सोडली, हे जास्त पटतं.

बेट दोन राज्यांत वाटलेलं आहे आणि सीमेवर कुंपण आहे. व्हर्जिनियाचा कळप शेजारच्या शिंकोटीग बेटावरच्या अग्निशमन दलाच्या मालकीचा. जुलैअखेर घोडे खाडी पोहून आणतात आणि शिंगरांचा लिलाव होतो. हे 1925 पासून चालू आहे. गर्दी आवडत असेल तर जा. मला त्यात घोड्यांपेक्षा जत्राच जास्त वाटते. मेरीलँडच्या बाजूला राष्ट्रीय उद्यान सेवा आहे. तिथे संख्या आटोक्यात ठेवायला 1994 साली घोड्यांना गर्भनिरोधक लस द्यायला सुरुवात झाली. चाळीस फुटांचं अंतर पाळा आणि चिवड्याचा डबा गाडीत बंद ठेवा. माणसांच्या खाण्याला चटावलेल्या एका घोड्याला 2022 साली बेटावरून कायमचं हलवावं लागलं.

प्रायरला मात्र विमान, मग भाड्याची गाडी. माँटानातल्या बिलिंग्ज शहराहून वायोमिंगमधल्या लव्हेल गावापर्यंत दोनेक तास. माथ्यावर बर्फ जूनपर्यंत टिकतो, आणि वर जायला उंच, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी. ज्येष्ठांचे गुडघे-कंबर विचारात घ्या. पण शिकायला हीच जागा. एक नर, त्याच्या घोड्या, शिंगरं, आणि बाजूला घुटमळणारे एकटे तरुण नर, अशी कुटुंबं इथे उघड्या कुरणात तासभर बसून ओळखू येतात. मातकट किंवा उंदरी रंग, पाठीवर काळा पट्टा, पायांवर झेब्र्यासारख्या रेघा: जनुकीय तपासणीतही त्यांचं जुनं स्पॅनिश रक्त दिसलं आहे. हा भाग 1968 साली राखीव झाला. 1971 चा रानटी घोड्यांचा केंद्रीय कायदा यांना लागू आहे, ॲसटीगच्या घोड्यांना नाही. आधी लव्हेलमधलं मस्टँग (म्हणजे रानटी घोड्यांचं) केंद्र बघा, नाहीतर वर नुसते घोडेच दिसतील, त्यांची नाती कळणार नाहीत.

लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर मी मेरीलँडची बाजू सुचवेन. नुसतं मोठ्यांचं टोळकं असेल तर प्रायर.

आणि यलोस्टोनला जाणारच असाल तर तिसराही पर्याय आहे. पूर्वेच्या दारातून बाहेर पडलात की कोडी गाव लागतं. त्याच्या पूर्वेला मॅकलो पीक्सचा कळप असतो, त्यात अबलख घोडे बरेच. कधी कधी हमरस्त्यावरूनही दिसतात. फक्त पाऊस पडून गेला असेल तर आतल्या कच्च्या वाटेवर गाडी घालू नका, तिथली माती साबणासारखी निसरडी होते.